काळं झबलं

"ही सूज तर नाही ना, डॉक्टर? गरिबाघरचं मूल कधीकधी फुगतं."

हे माइकवर बोललं गेलं. भरल्या हॉलमध्ये, दीडशे बायकांसमोर. माझी मुलगी वजनकाट्याच्या ताटात बसली होती. नऊ महिन्यांची. काटा सव्वानऊ किलोवर थांबला होता. ती शेवटची. तिच्या आधी चौदा मुलं ताटातून उतरली होती, आणि त्यातलं एकही नऊच्या पुढे गेलं नव्हतं.

बोलणाऱ्या बाईंना आम्ही सगळ्या ताईसाहेब म्हणायचो. त्यांचे आजेसासरे जुन्या संस्थानात सुभा, म्हणजे जिल्ह्याचे मोठे अधिकारी, होते. घर शहरातल्या नागरवाड्यात. इथल्या मराठी मंडळाच्या अध्यक्षा त्याच, संक्रांतीच्या हळदीकुंकवाच्या यजमानीण त्याच, आणि त्या दिवशीच्या सुदृढ बालक स्पर्धेचं बक्षीसही त्यांचंच. चांदीची वाटी आणि चमचा. लाल मखमलीच्या डबीत, टेबलावर, सगळ्यांना दिसेल असं उघडून ठेवलेलं.

डॉक्टरबाई गुजराती होत्या. बाहेरून बोलावलेल्या. त्यांनी माझ्या मुलीच्या पावलावर अंगठा दाबला, उचलला, पुन्हा दाबला. मग नडगीवर. मुलगी त्यांच्या चष्म्याकडे बघून हसत होती. मी मात्र त्या अंगठ्याकडे बघत उभी. सूज असली की दाबल्या जागी खड्डा राहतो. आपल्या पोटच्या पोरीच्या पायाला खड्डा पडतो की नाही, हे दीडशे बायकांबरोबर बघत उभं राहणं काय असतं, ते ज्याचं त्याला कळतं.

"ना, सोजो नथी," डॉक्टरबाई म्हणाल्या. "छोकरी एकदम तंदुरस्त छे."

ताईसाहेबांचा चेहरा पडला असेल असं वाटेल. नाही पडला. त्या माणसांचे चेहरे इतक्या लवकर पडत नाहीत. त्यांनी मुलीकडे नीट पाहिलं आणि एकदम टाळी वाजवली.

"अगंबाई! हे तर आमच्या नातवाचं बोरन्हाणाचं झबलं!"

मग हॉलकडे वळल्या. "बघा हं, कपडे आमचे, दुधाचा डबा आमचा. म्हणजे बक्षीस आमच्याच घरात आलं म्हणायचं!"

हॉल हसला. टाळ्या पडल्या. आणि मीही हसले.

ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितली नव्हती. बाकीचं थोडंफार सांगितलं, हे नाही. माझ्या मुलीला सुजलेली म्हणणाऱ्या बाईच्या विनोदावर मी हसले. दात दाखवून. कामाच्या घरी हसायची जी सवय लागते ना, तोंड आपोआप उघडतं, तसं.

आता ते झबलं तिच्या अंगावर आलं कसं, ते सांगते.

आम्ही तरसालीत राहायचो. भाड्याची एक खोली, पुढे पत्र्याची पडवी. तेव्हा तरसाली म्हणजे गावाबाहेर. नवरा मकरपुऱ्याच्या एका कारखान्यात हेल्पर. सासूबाई आमच्यापाशी. त्यांचे सासरे संस्थानच्या फौजेत शिपाई होते. त्यांचा पितळी बिल्ला सासूबाईंनी देव्हाऱ्यात ठेवलेला, देवांच्या शेजारी. रोज पुसायच्या. फौज गेली, संस्थान गेलं, घरात उरला तो बिल्ला आणि ताठ मान. मानेने पोट भरत नाही, म्हणून मी शिवण करायचे. फॉल, परकर, आणि मुख्य म्हणजे बाळांचे कपडे. कुंची, झबली, लंगोट, दुपटी. नागरवाड्यातल्या आठ-दहा मराठी घरांत कुठेही बाळ जन्माला यायचं झालं की निरोप मला. माझा हात बारीक होता, आणि मी गळ्याला आतून दुहेरी शिवण घालायचे. बाळाच्या मानेला टोचत नाही. ही माझी रीत, कुणी शिकवलेली नाही.

माझा पहिला मुलगा बारशाआधीच गेला. त्याच्यासाठी मी सगळं नवं शिवलं होतं. हौसेने. सासूबाई तेव्हाच म्हणत होत्या, नवं नको घालू, पहिलं झबलं मागून आणायचं असतं. आमच्यात तशी रीत आहे. ज्या घरातलं मूल धडधाकट आहे, त्या घरी नारळ घेऊन जायचं, आणि त्या मुलाच्या अंगावरचं एक धुतलेलं झबलं मागायचं. त्या आईने ते कुंकू लावून द्यायचं. त्यात देणारी मोठी होत नाही आणि मागणारी लहान होत नाही. आज तुम्ही मागितलंत, उद्या तुमच्याकडे कुणी मागेल.

माझा विश्वास नव्हता. पण एक मूल पुरून आलेली बाई विश्वास आहे की नाही याचा विचार करत बसत नाही. दुसऱ्या खेपेला नववा लागला तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "चल, ताईसाहेबांकडे जाऊ. त्यांचा नातू कसा गोंडस आहे." मी नारळ घेतला. दोन बस बदलून आम्ही नागरवाड्यात गेलो.

मागच्या दाराने गेलो. शिवणाचं माप घ्यायला मी नेहमी मागच्याच दाराने जायचे. त्या दिवशी पुढच्या दाराने जायला हवं होतं. तो दिवस कामाचा नव्हता, रीतीचा होता. पण पाय सवयीने मागे वळले. चूक माझी. तिथूनच सगळं बिघडलं असं मला अजून वाटतं.

सासूबाईंनी नारळ पुढे केला आणि म्हणाल्या, "ताईसाहेब, पहिलं झबलं मागायला आलोय."

ताईसाहेबांना ती रीत माहीत होती. चांगली माहीत होती. त्यांनी स्वतः नातवासाठी मावसबहिणीकडून झबलं मागून आणलं होतं, त्या वेळी नातवाची कुंची मीच शिवली होती. पण त्या म्हणाल्या, "अगं, मागायला लाजायचं काय त्यात? नेहमी येत जा." आणि मोलकरणीला हाक मारली. नारळ तिच्या हातात दिला. गव्हाच्या रिकाम्या पोत्यात तिने कपाटाचा खालचा कप्पा मोकळा केला.

एक झबलं मागितलं होतं. पोतं मिळालं. कुंकू लावलं नाही.

घरी येऊन पोतं उपसलं. विटलेले कपडे, एक फुटका खुळखुळा, दुधाच्या पावडरीचा अर्धा डबा. डब्यातल्या पावडरीचे पिवळट गोळे झालेले. वास मारत होता. सासूबाईंनी ती मोरीत ओतली आणि डबा राखेने घासून ठेवला, कामाला येईल म्हणून. आणि तळाशी हे काळं झबलं. बोरन्हाणाचं. पांढऱ्या दोऱ्याने त्याच्यावर तिळाच्या फुलांएवढी फुलं काढलेली.

ते मीच शिवलं होतं.

आदल्या संक्रांतीला. सहावा महिना होता मला. मशीनवर पोट अडायचं म्हणून फुलं हाताने काढली, तीन दिवस बसून. त्यांच्या नातवाने ते एक संध्याकाळ घातलं. बोरं, मुरमुरे डोक्यावरून ओतून घेतले आणि झालं. माझी तीन दिवसांची पाठ त्या पोत्यात चुरगाळून पडली होती.

मी ते धुतलं, इस्त्री केली आणि ठेवून दिलं.

आता ती मुलगी सव्वानऊ किलोची कशी झाली, तेही ऐका. कारण त्याच्यावरच सगळा दावा होता.

तिसऱ्या महिन्यात मला ताप आला. दूध कमी झालं. दवाखान्यात म्हणाले, पावडरीचा डबा सुरू करा. एक डबा आणला. तो आठ दिवसांत संपला. नवऱ्याच्या चार दिवसांच्या कमाईला एक डबा, हे गणित मांडायला शाळेत जायला लागत नाही. नवरा बस सोडून चालत कारखान्यात जायला लागला. कुणी विचारलं तर सांगायचा, पायाला व्यायाम. सासूबाई कोरा चहा प्यायला लागल्या. दुधाने पोट फुगतं म्हणाल्या. साठ वर्षं दुधाचा चहा पिणाऱ्या बाईचं पोट नातीच्या तिसऱ्या महिन्यात अचानक फुगायला लागलं. मी काही बोलले नाही. बोलले असते तर त्यांनी चहाच सोडला असता.

शेजारी चंपाबेन होत्या, बटाटे-कांदे विकणाऱ्या. त्यांनी मला सुंठ-गूळ घातलेली बाजरीची राब, म्हणजे पेज, करून पाजली, महिनाभर. रोज सकाळी पातेलं घेऊन यायच्या, "पी ले, दीकरी," म्हणायच्या, आणि मी पिऊन होईपर्यंत उभ्या राहायच्या. पातेलं रिकामं घेऊन जायच्या. त्या राबेचा उल्लेख त्या बाईने मरेपर्यंत केला नाही. देणं कशाला म्हणतात ते मी तिच्या पातेल्यात बघितलंय.

दूध परत आलं. सहाव्या महिन्यापासून सासूबाईंनी नाचणी सुरू केली. इथे तिला नागली म्हणतात. त्या ती भिजवायच्या, फडक्यात बांधून मोड आणायच्या, पडवीत वाळवायच्या, जात्यावर दळायच्या, आणि पीठ तीनदा वस्त्रगाळ करायच्या. ते सत्त्व त्या घासलेल्या डब्यात भरून ठेवायच्या. डब्यावर गोऱ्या गुबगुबीत बाळाचं चित्र होतं. आत आमची काळी नाचणी. लंगोट मी सासऱ्यांच्या जुन्या धोतराचे शिवले. पस्तीस. पावसाळ्यात ते वाळायचे नाहीत म्हणून खोलीभर दोऱ्या, आणि आम्ही तिघं त्यांच्याखालून वाकून फिरायचो. लसी म्युनिसिपालटीच्या दवाखान्यात. सकाळी सातला रांग. एकही लस चुकवली नाही.

एवढं करून ती वाढली. तिच्या अंगावरचा प्रत्येक तोळा कुणाच्या तरी तोंडातून काढलेला होता. आमच्या तोंडातून. दुसऱ्या कुणाच्या नाही.

स्पर्धेचं कळलं तेव्हा सासूबाईच हटून बसल्या. "पोरगी नाव काढील," म्हणाल्या. चांदीची वाटी त्यांच्या डोक्यात बसली होती. पोरीच्या उष्टावणाला आम्ही स्टीलची वाटी वापरली होती, ते त्यांना लागून राहिलं होतं. नियम होता, एका पातळ झबल्यावर वजन. संक्रांत होऊन चार दिवस झालेले, तारांवर फाटके पतंग लोंबत होते. मी पिवळं झबलं काढलं. सासूबाई म्हणाल्या, "ते नको. काळं घाल. दिलेलं कापड एकदा देणाऱ्यासमोर घालून दाखवायचं असतं. त्यांना बरं वाटेल."

त्यांना बरं वाटावं म्हणून घातलं. एवढ्यासाठीच.

आणि आता मी मंचावर उभी होते, हसत.

ताईसाहेबांनी मुलीला ताटातून उचलून खुर्चीत बसून मांडीवर घेतलं. फोटोवाला पुढे आला. उजेड पडला. मुलगी रडायला लागली तशी त्यांनी तिला झटकन माझ्याकडे दिली आणि माइक माझ्या तोंडासमोर धरला.

"सांग ना गं सगळ्यांना, किती डबे नेलेस आमच्याकडून ते. संकोच नको करू."

हॉल वाट बघत होता. सगळे चेहरे प्रसन्न होते. कुणाच्याही मनात वाईट नव्हतं, हे मी शपथेवर सांगते. त्यांना फक्त माझ्या तोंडून ऐकायचं होतं. गरीब बाई चार शब्द चांगले बोलते, डोळ्यांत पाणी आणते, मग तिळगूळ.

तिसऱ्या रांगेत सासूबाई बसल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे बघून हात जोडले. बोल, असं सांगत होत्या. बोल, आणि वाटी घे. फौजेतल्या शिपायाची ती सून, रोज बिल्ला पुसणारी, एका वाटीसाठी लोकांत हात जोडून बसली होती. ते जोडलेले हात मला बघवले नाहीत. भीती गेली असं नाही. पण तोंड उघडलं ते हसायला नाही.

मी माइक बाजूला सारला. म्हटलं, "डॉक्टरबाई, हे झबलं काढून पुन्हा वजन करा."

कुणाला कळलंच नाही.

"अगं, काय झालं?" ताईसाहेब म्हणाल्या. "गंमत केली मी."

"तुम्ही गंमत केली. मी करत नाही. यांचं आहे ते काढून ठेवा, आणि उरेल ते सांगा."

मंडळाच्या चिटणीस बाई उठून आल्या. नियमात बसत नाही म्हणाल्या. डॉक्टरबाईंनी माझ्याकडे पाहिलं. नंतर मुलीकडे. "वांधो शुं छे? करीए," त्या म्हणाल्या.

मी मुलीच्या अंगावरचं झबलं काढलं. तिला उघडी ताटात बसवली. जानेवारीतली थंडी, तिच्या अंगावर काटा आला. काटा हलला, थरथरला आणि थांबला. डॉक्टरबाई वाकल्या.

"एटलुं ज छे, बेन. जराय फेर नथी."

काटा पुन्हा सव्वानऊवरच होता.

मी झबल्याची घडी घातली. शिवण आत, फुलं वर, गिऱ्हाइकाला द्यायची तशी. चांदीच्या वाटीच्या शेजारी टेबलावर ठेवली. "हे तुमचं," म्हटलं. मुलीला पदरात गुंडाळलं आणि खाली उतरले. वाटीला हात लावला नाही. ते झबलं मीच शिवलंय, हे मात्र बोलले नाही. तिथे सुचलंच नाही. बसमध्ये सुचलं, आणि मग सगळा रस्ता मी स्वतःवरच दात-ओठ खात बसले.

सासूबाई मागून आल्या. बसथांब्यावर म्हणाल्या, "चांदीची होती गं ती." आणि मग चार दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. पाचव्या दिवशी दुपारी पडवीतून खरखर आवाज आला. बघते तर त्या नाचणीचा डबा घेऊन बसलेल्या. विटेच्या तुकड्याने त्याच्यावरचं गोऱ्या बाळाचं चित्र खरवडत होत्या. पत्रा उघडा पडेपर्यंत खरवडलं.

याचा शेवट गोड झाला असं कुणी समजू नये. नागरवाड्यातलं सगळं काम त्या आठवड्यात बंद झालं. उर्मट बाई, असं नाव पडलं. बाळंत घरांतून निरोप यायचे थांबले. बाजारातल्या एका दुकानाचे परकर शिवायला घेतले, डझनावर पैसे, मांडीला रग लागेपर्यंत. मुलीचं रोजचं केळं बंद झालं. दूध पातळ झालं. पुढच्या दोन महिन्यांत तिचं वजन वाढलंच नाही. माझ्या तेवढ्या एका वाक्याची झळ तिच्या अंगाला लागली. मला ते माहीत होतं. रोज तिला उचलताना हाताला कळायचं. तरीही मी ताईसाहेबांच्या दारी गेले नाही. गेले असते तर तिला केळं मिळालं असतं, आणि जन्मभर ती त्यांची झाली असती.

हे सगळं आज लिहायचं कारण सांगते. गेल्या आठवड्यात मंडळाची दोन तरुण मुलं घरी आली. चांगली मुलं. मंडळाला आता बरीच वर्षं झाली, समारंभ आहे, स्मरणिका काढायची आहे. ताईसाहेब आता नाहीत. त्यांच्यावर एक पान आहे. त्यातल्या एकाने फोनवर फोटो दाखवला. खुर्चीत ताईसाहेब, मांडीवर काळ्या झबल्यात माझी मुलगी, रडायला आलेली. खाली ओळ आधीच लिहून तयार: "ताईसाहेबांच्या मायेवर वाढलेली बालके."

"काकू, दोन शब्द लिहून द्या ना," तो म्हणाला. "कृतज्ञतेचे."

माझी मुलगी तिथेच बसली होती. सासरहून, मांजलपूरहून आली होती, मांडीवर तिचं सात महिन्यांचं पोर. ते तिला उशिरा झालं. त्याच्या डब्यांच्या आणि डायपरच्या किमती ती मला आदल्याच दिवशी फोनवर सांगत होती, आवाज खाली घेऊन, तिच्या सासरच्यांना ऐकू जाईल म्हणून. तिने फोन हातात घेतला, फोटो मोठा करून बघितला.

"मम्मी, मी कोणाच्या मांडीवर आहे?"

मी तिला नीट सांगितलं नव्हतं कधी. अर्धंमुर्धं सांगितलं होतं, हसण्याचं गाळून. म्हणून आता सगळं लिहिलं.

तेव्हा बाळांनो, तुम्ही दोन शब्द मागितले होते, ते हे. तुमची ओळ खोडा. फोटो छापायचा असेल तर त्याच्याखाली असं छापा: झबलं हिच्या आईने शिवलेलं. मूल हिच्या आईने, बापाने आणि आजीने वाढवलेलं. मांडी तेवढी दुसऱ्याची.

असं छापता येत नसेल तर फोटो छापू नका. तरीही तुमचीच ओळ छापलीत, तर मी समारंभाला येईन. मुलीला आणि नातवाला घेऊन येईन. पुढच्या दाराने येईन, पहिल्या रांगेत बसेन. आणि या वेळी माइक मी मागून घेईन.